बाबा आता मला विचारतच नाहीत

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखक तेहतीस वर्षांचे आहेत आणि आईवडिलांसोबत राहतात. सॉफ्टवेअर, ॲप, इंटरनेट हा त्यांचा शाळेपासूनचा ध्यास. कोणता ब्राउझर वापरावा, कुठल्या कंपनीवर विसंबू नये, याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत आणि ती ते बोलून दाखवतात. २०२१ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला, तेव्हा त्यांनी घरच्या सगळ्यांना टेलिग्रामवर नेलं. दोन महिन्यांत एकेक करून सगळे परत गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला सुरक्षेची अपडेट मिळण्याची मुदत संपली, तेव्हा निवृत्त वडिलांच्या कॉम्प्युटरवर त्यांनी विंडोज काढून लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवली. वडील एका वहीत प्रत्येक कामाच्या पायऱ्या लिहून ठेवत. ती वही निरुपयोगी झाली. मध्यंतरी प्रिंटर चालेना. वडिलांनी मुलाला न विचारता इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला आणि फोन लावला. पलीकडच्या माणसाने त्यांच्या मोबाइलवर स्क्रीन दाखवणारं एक ॲप घ्यायला लावलं. आईच्या लक्षात आलं आणि तिने फोन बंद केला. पैसे वाचले. मुलगा चिडला, "शंभरदा सांगितलंय!" म्हणाला. त्यावर आई म्हणाली, "तुला काही विचारलं की आधी भाषण, मग उत्तर." पत्रलेखक विचारतात, "मी माझी मतं गिळून टाकू, की हे लोक ऐकतच नाहीत म्हणून त्यांचा नाद सोडून देऊ?"

प्रिय वाचकमित्र,

बाकीचं नंतर बोलू, आधी तो मोबाइल. आईंनी तो तत्काळ बंद केला हे फार चांगलं केलं, पण पुढे काय केलंत हे पत्रात नाही, म्हणून सांगते. ते ॲप अजून फोनमध्ये असेल तर वायफाय आणि डेटा दोन्ही बंद ठेवून ते काढून टाका. मग सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचण्याची आणि हाताळण्याची, परवानगी कुठल्या ॲपना दिली गेली आहे ते पाहा, आणि डिव्हाइस ॲडमिनच्या, म्हणजे फोनवर जादा अधिकार असलेल्या ॲपच्या, यादीत अनोळखी नाव नाही ना, हेही पाहा. असली ॲप बहुधा याच दोन ठिकाणी ठाण मांडतात. त्यानंतर दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून बाबांच्या ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा. ईमेल आधी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची वाट ईमेलमधूनच जाते. ईमेलच्या सेटिंगमध्ये कुणी स्वतःचा नंबर घुसवलेला नाही ना, आलेली पत्रं परस्पर दुसरीकडे जात नाहीत ना, हे तपासा. पैसे गेले नसले तरी बँकेला कळवून ठेवा. तरीही मनात शंका राहिली, तर फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. ज्यांच्या घरी असंच काही घडलं असेल त्यांनीही हाच क्रम धरावा.

आता तुमचा प्रश्न. मतं गिळायची की नाद सोडायचा, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवलेत. दोन्हींच्या मुळाशी एक समजूत आहे: तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि अडचण फक्त पटवून देण्याची आहे. पत्र वाचताना मला मात्र दुसरीच गोष्ट टोचत राहिली. प्रिंटर अडला तेव्हा तुम्ही घरात होतात. शेजारच्या खोलीत, असं तुम्हीच लिहिलंय. तरी बाबांना एका अनोळखी माणसाला फोन करणं सोपं वाटलं. त्या माणसाने त्यांना काय दिलं असेल याचा विचार करा. "काही काळजी करू नका, आत्ता करून देतो." घाबरलेल्या, अडलेल्या माणसाला हे वाक्य किती हवंहवंसं वाटतं! फसवणारे याच वाक्यावर जगतात. तुमच्याकडून मात्र आधी लिनक्सच्या प्रिंटर ड्रायव्हरचा इतिहास ऐकावा लागेल, अशी बाबांना धास्ती होती.

मी काही वर्षं एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या मदतीच्या डेस्कवर बसत असे. हिशेब विभागातल्या एका बाईंची चाळीस पानांची फाइल चुकून पुसली गेली. आम्हाला सांगितलं असतं तर आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून पाच मिनिटांत परत आली असती. त्यांनी सांगितलं नाही. छापलेल्या प्रतीवरून चार दिवस बसून त्यांनी ती सगळी पुन्हा टाइप केली. कारण आदल्या महिन्यात एक साधा प्रश्न विचारायला त्या आल्या होत्या आणि आमच्यातला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला होता, "अजून हे येत नाही?" तो मुलगा मनाने वाईट नव्हता आणि कामात आमच्यात सगळ्यांत हुशार होता. पण त्या दिवसानंतर त्याची हुशारी त्या बाईंच्या उपयोगाची राहिली नाही.

तुमची कळकळ खोटी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तुमच्या बऱ्याच तक्रारी माझ्याही आहेत. ब्राउझरच्या बाबतीत तुम्ही लिहिता ते खरं आहे: क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह अशी नावं वेगवेगळी असली तरी पानं दाखवणारं आतलं इंजिन एकच, गूगलच्या पुढाकाराने चालणारं क्रोमियमचं. त्याला वेगळा पर्याय म्हणून फायरफॉक्स आणि सफारीचं इंजिन, एवढंच काय ते उरलंय. एकाच कंपनीच्या हाती वेबचे नियम जाणं ही काळजीचीच बाब आहे. एकदा पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर आपलं असायचं, आता त्याचं महिन्याचं भाडं भरत राहायचं, हेही मला खुपतं. ज्या खिडकीत नुसतं पत्र लिहायचं असतं तिथे 'एआयकडून लिहून घ्या' असं बटण मध्येच उगवतं, तेव्हा मीही आधी ते बंद कसं करायचं तेच शोधते. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. आपल्या आवडीची संकेतस्थळं आपण निवडायची आणि नवीन मजकूर आपल्या क्रमाने वाचायचा, ही सवय त्या दिवशी कितीतरी लोकांची सुटली. त्यामागचं आरएसएस हे तंत्र आजही चालू आहे, मी रोज वापरते, कुणी विचारलं तर अर्धा तास खर्चून लावून देते.

कुणी विचारलं तर. तुमच्या आणि माझ्यात फरक असलाच तर एवढाच आहे.

आणि एक अवघड गोष्ट बोलायची आहे. तुमच्या ठाम मतांपैकी निदान दोन चुकीची होती. टेलिग्रामचंच घ्या. "व्हॉट्सॲप आपले मेसेज वाचतं, म्हणून टेलिग्राम" असं तुम्ही घरच्यांना सांगितलंत. पण व्हॉट्सॲपवरचे वैयक्तिक आणि ग्रुपमधले मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. त्यासाठी सिग्नल या मेसेजच्या ॲपमागच्या मंडळींनी बनवलेली पद्धतच वापरली आहे. कंपनीला कळतं ते कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतं हे. तीही काही लहान गोष्ट नाही, त्यावर आक्षेप घ्यायला हवाच. पण टेलिग्रामवरचं साधं संभाषण असं कुलूपबंद नसतं, ते त्यांच्या सर्व्हरवर असतं आणि त्याची किल्ली कंपनीकडेच असते. 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू करावं लागतं, ते दोघांपुरतंच असतं, ग्रुपला ती सोयच नाही. म्हणजे तुमच्याच कसोटीवर तुम्ही घरच्या ग्रुपला आधीपेक्षा उघड्यावर नेलंत. सिग्नल सुचवलं असतंत तर निदान युक्तिवाद तरी टिकला असता.

दुसरी गोष्ट पासवर्डची. बाबांनी दर तीन महिन्यांनी सगळे पासवर्ड बदलावेत, त्यात चिन्हं आणि आकडे असावेत, आणि वहीत तर मुळीच लिहू नयेत, असा तुमचा आग्रह. हा सल्ला एके काळी सगळेच देत. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये असे नियम लिहिले आणि ते जगभर पसरले. २०१७ मध्ये त्याच संस्थेने ते मोडीत काढले: पासवर्ड लांब असू द्या, चिन्हांची सक्ती नको, आणि तो फुटल्याचा पुरावा नसेल तर मुदतीवर बदलायला लावू नका. कारण सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि मोकळी होतात. स्वतः बर यांनीही आपल्या जुन्या नियमांबद्दल खेद व्यक्त केला. जगाला नियम घालून देणाऱ्या माणसाला चौदा वर्षांनी "चुकलं" म्हणता आलं. तुम्हीही टेलिग्रामच्या बाबतीत घरी हे एकदा म्हणून बघा. तुमच्या पुढच्या सल्ल्याचं वजन त्याने वाढेल.

वहीत पासवर्ड लिहिण्याबद्दलही तुमचं मत बदलावं असं मला वाटतं. बाबांना धोका आहे तो दूर कुठेतरी बसून एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड शंभर ठिकाणी लावून पाहणाऱ्यांकडून. त्यांना घरातलं कपाट उघडता येत नाही. पाठ असलेला एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड आणि तो कपाटातल्या वहीत, हे कितीतरी बरं. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद लक्षात ठेवणारं ॲप, त्याहून चांगला, यात वाद नाही. बाबांना तो आवडला तर जरूर शिकवा. बँकेचा पिन मात्र वहीत नको, एवढं त्यांना समजावून सांगा.

आता त्या वहीकडे येते, कारण पत्रात तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत केलात आणि मी तिथेच अडकले. "छापणे: वरचे डावीकडचे निळे चिन्ह. मग तिसरी ओळ. खिडकी आली की थांबणे. कागद सरळ आहे ना बघणे." अशी वाक्यं तिच्यात आहेत, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबून बघा, ही वही म्हणजे काय आहे. एका माणसाने स्वतःसाठी, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं ते मार्गदर्शक आहे. प्रत्येक ओळीमागे एक चुकलेला प्रयत्न असणार. "खिडकी आली की थांबणे" हे ते एकदा न थांबल्यावरच शिकले असतील. ती तयार व्हायला दोन-तीन वर्षं तरी लागली असतील आणि तिच्या भरवशावर ते कुणाला न विचारता आपली कामं करत होते. तुम्ही एका दुपारी लिनक्स बसवलंत आणि निळं चिन्ह गेलं, तिसरी ओळ गेली. कॉम्प्युटर सुरक्षित झाला, पण बाबा पुन्हा पहिल्या पानावर आले.

तुमच्या दृष्टीने सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे चांगली वस्तू घेणं. बाबांच्या दृष्टीने ती रोजची पायवाट उखडणं होतं. दोघांचा हिशेब वेगळा आहे आणि बाबांचा हिशेब अडाणीपणाचा नाही.

मग आता काय करायचं? मुदत संपलेली विंडोज इंटरनेटला जोडून चालवत राहणं धोक्याचं, हे तुमचं म्हणणं बरोबरच होतं. पण घाई तेवढी नव्हती. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी नाव नोंदवून आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची अपडेट घेण्याची सोय ठेवली होती. त्या वर्षभरात बाबांच्या कलाने बदल करता आला असता. आज तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. जुनी विंडोज परत आणायची, पण ते काही काळापुरतंच आहे. कॉम्प्युटर विंडोज ११ पेलत असेल तर ती बसवायची; बरेच जुने कॉम्प्युटर तिच्या अटींत बसत नाहीत, ते आधी तपासा. किंवा लिनक्सच ठेवायचं आणि वही नव्याने लिहायची. मला तिसरी वाट वाईट वाटत नाही, पण एका अटीवर: निवड बाबांनी करायची. विंडोज आणि लिनक्स दोन्ही त्यांच्या समोर चालवून दाखवा, त्यांच्या हिशेबाची फाइल दोन्हीत उघडा. लिनक्सवरचं लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर एक्सेलची साधी फाइल नीट उघडतं, पण फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर ते बिघडू शकतात. बाबांची फाइल बिघडत असेल तर विषय तिथेच संपला, विंडोज. हिशेब त्यांचा आहे.

आग्रह सगळाच सोडा असंही माझं म्हणणं नाही. तो थोड्याच गोष्टींसाठी राखून ठेवा. माझी यादी फार लहान आहे. फोटो आणि महत्त्वाच्या फाइल दोन ठिकाणी हव्यात, त्यातली एक प्रत घराबाहेर. ईमेलला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्री, हवी. आणि मदतीचा फोन नंबर सर्चमधून कधी घ्यायचा नाही: तो वस्तूच्या खोक्यावरून, बिलावरून किंवा बँकेच्या कार्डाच्या मागून घ्यायचा, कारण सर्चमध्ये खोटे नंबर पैसे देऊन वर आणता येतात. कुणीही फोनवर ॲप घ्यायला सांगितलं की फोन ठेवून द्यायचा, मग तो कितीही गोड बोलो. या गोष्टींवर भांडलात तरी चालेल. बाबा कुठला ब्राउझर उघडतात, फोटो कुठल्या ॲपमध्ये बघतात, यावर नको. एक मात्र तुम्ही परस्पर करू शकता, तेही सांगून: त्यांच्या माहितीची प्रत वेळोवेळी बाहेर काढून ठेवणं. सेवा बंद पडतात. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि ज्यांनी आपले फोटो वेळेत उतरवून घेतले त्यांच्याकडेच ते राहिले. कुठल्या ॲपमध्ये राहायचं हे घरच्यांना ठरवू द्या. वेळ आली तर त्यांना तिथून सामानासह बाहेर पडता येईल, हे बघण्याचं काम तुमचं. तुमच्या ज्ञानाचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

बाबा पुन्हा विचारायला येतील तेव्हा पहिलं वाक्य "तुम्हाला काय दिसतंय?" हे असू द्या. "काय केलंत?" असं विचारू नका, तो प्रश्न ऐकताच माणूस सफाई द्यायला लागतो. माऊस हातात घेऊ नका. हे सगळ्यांत कठीण आहे, मला अजूनही हात मागे घ्यावा लागतो. जे काम अडलंय ते आधी होऊ द्या. तुम्ही त्यामागचं कारण सांगायला उत्सुक असाल, ते त्यांनी विचारल्यावर सांगा. नाही विचारलं तर राहू द्या. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर "मलाही माहीत नाही, बघून सांगतो" म्हणा. हे ऐकून बाबांना किती हायसं वाटेल याची तुम्हाला कल्पना नाही.

राहिला प्रश्न मतांचा. ती गिळू नका, त्यांची जागा बदला. ब्राउझरच्या मक्तेदारीचा निकाल बाबांच्या टेबलावर लागणार नाही. स्वतः फायरफॉक्स वापरा, त्यातल्या चुका त्यांच्या लोकांना नीट लिहून कळवा. लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, त्यात हात घाला. वहीतलं "खिडकी आली की थांबणे" हे वाक्य तुमच्यापाशी आहे. सूचना कशा लिहायच्या याचा इतका चांगला धडा तिथल्या फार थोड्या लोकांपाशी असेल. लेख लिहा. वाद घालायचा असेल तर ज्यांना या विषयाची तुमच्याइतकीच ओढ आहे अशांशी घाला, ते आनंदाने दोन तास भांडतील.

पत्रातल्या बाबांच्या जागी जे वाचक असतील त्यांच्यासाठीही थोडंसं. घरातल्या जाणत्या माणसाची भाषणं नकोशी वाटत असतील तर ते तसं सांगा. "मला आत्ता फक्त प्रिंट हवीय, बाकीचं नंतर ऐकेन" असं म्हटलं तर मुलांना राग येत नाही. बहुतेकांना आपण भाषण देतोय हे ठाऊकच नसतं. आणि मोठी चूक झाली, नको तिथे बोट लागलं, तर ती लपवू नका. अशा वेळी पहिला तास फार मोलाचा असतो, रागावणं नंतर होऊन जाईल.

तर मित्रा, येत्या सुट्टीच्या दिवशी वही आणि पेन घेऊन बाबांशेजारी बसा. प्रिंटर तुम्ही आधी चालू करून ठेवा, ती डोकेदुखी त्यांच्यासमोर नको. मग छापण्याचं पान नव्याने लिहायला घ्या. लिहितील ते, त्यांच्या शब्दांत. तुम्हाला त्यातलं एखादं नाव चुकीचं वाटेल, चिन्हाला ते भलतंच काही म्हणतील. तसंच राहू द्या.

आणि ते ॲप फोनमधून काढलंत का, बँकेला कळवलंत का, तेवढं मला आजच लिहा.